दोर कुठे गेला? एका आवराआवरीचं प्रकरण

हे प्रकरण माझ्या सख्ख्या आत्याचं आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे माणसांच्या नोंदी लिहून ठेवायची सवय जुनी. घरातल्या माणसाची नोंद मात्र पहिल्यांदाच लिहिते आहे. लिहून झाल्यावर आत्याला वाचून दाखवली. तिने दोन ठिकाणी दुरुस्त्या सांगितल्या आणि मग "दे कुणाला द्यायची ती" म्हणाली.

आत्याचा जन्म १९४८ चा. पोस्टातून २००८ साली निवृत्त झाली, काका २०११ साली गेले. मुलगा, म्हणजे माझा आत्येभाऊ, मेलबर्नला असतो. आत्या पुण्यात १९८४ साली बांधलेल्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ७२० चौरस फुटांच्या फ्लॅटमध्ये एकटी राहायची. पेन्शन पुरेशी, रक्तदाबाची एक गोळी सोडली तर तब्येत उत्तम, आणि घर गच्च भरलेलं. अस्वच्छ नव्हे, गच्च. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी, प्रत्येक चादरीची घडी सारखी. दोन माळे छतापर्यंत, दिवाणाच्या पोटात भांडी, गोदरेजच्या दोन कपाटांवर सुटकेसा, आणि स्वयंपाकघरात ओट्याखाली डब्यांमागे डबे.

मला काळजी होती ती स्टुलाची. माळ्यावरचं काही हवं असलं की आत्या दिवाणावर स्टूल ठेवून चढायची. सत्तरी ओलांडलेलं माणूस पडलं, खुबा मोडला, तर पुढे काय होतं ते मी रोज बघते. हाड जुळतं, पण चालण्यातला विश्वास परत येईलच असं नसतं. कितीतरी आज्या ऑपरेशन चांगलं होऊनही त्यानंतर घराबाहेर पडल्या नाहीत. मी आत्याला दहा वेळा सांगितलं असेल. ती म्हणायची, "अगं, हळू चढते मी."

त्यात सोसायटीचा पुनर्विकास ठरला. राज्य सरकारच्या ४ जुलै २०१९ च्या नियमावलीनुसार एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती लागते. इथे त्याहून बरीच जास्त मिळाली. करार झाला, तीन वर्षांचं भाडं आणि सामान हलवण्याचा खर्च विकासक देणार, जागा मे २०२३ अखेर रिकामी करायची. भाड्याने मिळत होतं ते एका खोलीचं, ४३० चौरस फुटांचं घर. चौथा मजला, पण लिफ्ट होती. म्हणजे आत्याचं घर निम्म्याच्या आसपास उतरवावं लागणार होतं आणि हातात नऊ महिने होते.

आम्ही केलेली चूक

सप्टेंबर २०२२ मध्ये आत्याच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आठ दिवस ती माझ्याकडे होती. आत्येभाऊ तीन आठवड्यांसाठी आलेला. त्याच्या डोक्यात आलं आणि मी हो म्हटलं, की आई घरी नाही तोवर माळे रिकामे करून टाकू. ती समोर असली की एकही वस्तू खाली उतरणार नाही, आणि एकदा गेलं की तिला आठवणारही नाही, हे आमचं गणित. मी त्याला विरोध केला नाही, ही माझी चूक. धुळीने डोळ्याला त्रास होईल असं कारणही आम्ही स्वतःला देऊन ठेवलं होतं.

दोन दिवस, आम्ही दोघं, माझा नवरा आणि एक टेंपो. सवयीने मी यादी केली. रद्दीची तीन पोती, पत्र्याचे आणि प्लॅस्टिकचे रिकामे डबे २२, वातीचा एक स्टोव्ह आणि पंपाचा एक, दोन कंदील, पाण्याचे तीन कॅन, जुन्या चादरी ११, मेणबत्त्यांचा पुडा, पितळी हंडा, चेपलेला पितळी तांब्या, काथ्याचा जाड दोर, मोडक्या दोन खुर्च्या. भंगारवाल्याकडून ६,३४० रुपये मिळाले. माळा पुसून काढला, वर नवीन कागद घातला. तो लख्ख माळा पाहून आम्हाला खरोखर आनंद झाला होता.

आत्या घरी आली, चप्पल काढली आणि वर पाहिलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पूर येऊन गेला का गं घरात?"

आम्हाला वाटलं, तांब्या. तो तिच्या आईचा, माझ्या आजीचा, १९६१ च्या पुरानंतर गाळात सापडलेला, हे आम्हाला माहीत होतं आणि तरी तो वजनावर गेला होता. भाऊ तसाच उठला आणि भंगाराच्या दुकानात गेला. तिथून माल आदल्या दिवशीच पुढे गेलेला. हात हलवत परत आला आणि आईच्या पायाशी बसून रडला. आत्याने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "तांब्याचं काय घेऊन बसलास. तो चेपलेलाच होता. दोर कुठे गेला?"

दोराची गोष्ट

१२ जुलै १९६१, बुधवार. पानशेतचं बांधकाम चालू असलेलं धरण सकाळी फुटलं, त्या पाण्याच्या लोंढ्याने खाली खडकवासल्याचं जुनं धरणही गेलं आणि मुठेकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरलं. आत्या तेव्हा तेरा वर्षांची. नारायण पेठेत एका वाड्यात तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत आमचं कुटुंब राहायचं. पाणी चौकात आलं तेव्हा सगळे वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडात धावले. पणजी तेवढी खाली राहिली. जिना अरुंद, पायऱ्या ओल्या, तिचे गुडघे गेलेले. तेव्हा वाड्यातल्या दोघांनी आडावरच्या रहाटाचा दोर सोडवला, पणजीच्या काखेखालून बांधला आणि तिला वर ओढून घेतलं. आत्या कठड्याला धरून हे बघत होती.

रात्री पाणी ओसरलं. सकाळी खाली गाळ. धान्य, अंथरूण-पांघरूण, आत्याची शाळेची पुस्तकं, सगळं गेलेलं. खडकवासला रिकामा झाल्याने नळाला पाणी नाही, म्हणून शहरातले बुजत चाललेले आड पुन्हा उपसायला लागले. तिथे परत तोच दोर कामी आला. मग काही दिवस एका शाळेत, नंतर पूरग्रस्तांसाठी उभारलेल्या अर्धगोल पत्र्याच्या घरात. त्यांना निसन हट म्हणायचे. शाळेत असताना लोक मोठमोठ्या पातेल्यांतून खिचडी आणायचे, आणि आपल्याकडे ती घ्यायला भांडं नव्हतं, हे आत्या आजही सांगते.

हा पूर मी लहानपणापासून ऐकलेला आहे. पुण्यात जुलै लागला की तो कुणाच्या ना कुणाच्या तोंडून निघतोच. माझे वडील तेव्हा सहा वर्षांचे, त्यांना फक्त गाळाचा वास आठवतो. पण या गोष्टीचा आत्याच्या माळ्याशी संबंध लावायचं मला कधी सुचलं नव्हतं. त्या रात्री घरी येऊन मी माझीच यादी पुन्हा वाचली. दोर. कंदील. मेणबत्त्या. वीज आणि गॅस नसताना चालणारे स्टोव्ह. पाण्याचे कॅन. चादरी. झाकणाचे डबे, ज्यांत पीठ कोरडं राहतं. आम्ही अडगळ म्हणून काढली ती जवळजवळ सगळी तयारी होती. साठ वर्षं एक बाई पुढच्या पुराची तयारी करत होती, आणि ती माझ्याकडून घरी येईपर्यंत आम्ही ती तयारी उधळून लावली होती.

म्हाताऱ्या माणसांच्या वस्तूंबद्दल बोलताना आपण नेहमी आठवणींचं नाव काढतो. जीव अडकलेला असतो, माया असते, असं म्हणतो. ते खरं असतंही. पण इथे आजीच्या तांब्यावरून ती सहज पुढे गेली आणि बाजारातून १९८५ साली विकत आणलेल्या, कुणाचीही आठवण नसलेल्या दोरापाशी थांबली. आठवणीच्या वस्तूचा फोटो काढून ठेवा वगैरे सल्ले या दोराला लागू होत नव्हते. फोटोने कुणाला वर ओढता येत नाही.

पिशवी

महिनाभर मी त्या विषयाला हात लावला नाही. भाऊ परत गेला. दिवाळी झाली. भाऊबीजेनंतर एके दुपारी मी आत्याला सरळ विचारलं, "आज पूर आला तर तुला काय काय लागेल?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न तिला कुणी गंभीरपणे विचारला नसावा. ती उठून बसली, वही मागितली आणि पोस्टातल्या हिशेबासारखी यादी केली. विजेरी आणि सुटे सेल. पंधरा दिवसांची औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठी. जुना चष्मा. कागदपत्रं, प्लॅस्टिकमध्ये. मोबाइलचा चार्जर आणि पॉवर बँक. रोख ५,००० रुपये, सुट्ट्या नोटांत. एक साडी, एक स्वेटर. पाण्याची बाटली. झाकणाचं एक भांडं, ज्यात खिचडी घेता येईल. आणि नायलॉनचा दोर, १५ मीटर.

हे सगळं खांद्याला अडकवायच्या एका पिशवीत बसलं. दोर आम्ही दोघींनी रविवार पेठेत जाऊन आणला. आत्याने तो दुकानात पायाखाली धरून ओढून पाहिला. पिशवी दाराजवळच्या खुंटीला लागली, आणि दर दिवाळीला सेल व औषधं बदलायची असं ठरलं.

माझ्या मते या प्रकरणाचा काटा इथे फिरला. उरलेल्या घराला आता वेगळं कारण शोधावं लागणार होतं, आणि बऱ्याच वस्तूंना ते सापडलं नाही. हे मी नाही, आत्याने ठरवलं. तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला, "अगं, आइस्क्रीमचे डबे मी आज कचऱ्याच्या ताईंना दिले." आमच्या भागात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई दारोदार येतात. मी न सांगता तिच्या हाताने गेलेल्या त्या पहिल्या वस्तू.

टिकल्या

काय काढायचं हे विचारायचं नाही, काय रोज लागतं ते बघायचं, एवढं आम्ही ठरवलं. युक्ती आत्याची. तिच्याकडे टिकल्यांची जुनी पाकिटं पडून होती. काका गेल्यावर तिने टिकली लावणं सोडलं होतं. जे भांडं वापरलं, ते धुऊन पुसताना त्याला एक टिकली लावायची. नेसलेली साडी वेगळ्या कप्प्यात ठेवायची. भाऊबीजेनंतर सुरुवात केली आणि डिसेंबरच्या मध्यावर आम्ही मोजायला बसलो. स्टीलचे डबे ६१, टिकलीचे १७. पातेली २३, टिकलीची ६. ताटं ३२, टिकलीची ५. साड्या १४८, नेसलेल्या २२. सोऱ्या, पुरणयंत्र, मोदकपात्र यांना सणाची सवलत दिली होती, कारण ती त्या काळात लागणारच नव्हती.

ताटांपाशी ती थांबली. "आपल्याकडे पंगत बसायची," म्हणाली. शेवटची कधी बसली, असं मी विचारलं नाही. आम्हा दोघींनाही माहीत होतं, काकांच्या तेराव्याला.

टिकलीची भांडी कुठे ठेवायची त्याचा एकच नियम मी लावला, आणि तो माझ्या व्यवसायातला आहे: गुडघ्याच्या वर आणि खांद्याच्या खाली. वाकावं लागणार नाही, हात डोक्यावर न्यावे लागणार नाहीत. एवढ्या उंचीत जे मावेल ते घर. साठीनंतर प्रत्येकाने घरात हा पट्टा एकदा डोळ्यांनी आखून पाहावा. आपल्याला रोज लागणारी किती भांडी त्याच्या बाहेर आहेत हे लगेच कळतं. पायाशी सरकणारी चार पायपुसणीही गेली. न्हाणीघराबाहेर एक राहिलं, खाली रबर असलेलं. स्टूल तिने स्वतः वॉचमनला दिलं.

मोजताना आणखी एक गोष्ट बाहेर आली, जी मला आजही टोचते. घरातला जवळपास तिसरा हिस्सा आत्याचा नव्हताच. भावाची बारावीपर्यंतची पुस्तकं, बॅट, करंडक, त्याच्या लग्नातल्या आहेराची न उघडलेली खोकी. माझ्या कॉलेजच्या पुस्तकांच्या दोन पेट्या. माझ्या वडिलांचा हार्मोनियम. आम्ही सगळे आत्याच्या घराचा गोदामासारखा वापर करत होतो आणि वर तिलाच म्हणत होतो की किती पसारा करतेस. भावाला व्हिडिओवर एकेक दाखवलं आणि पंधरा दिवसांची मुदत दिली. त्याने एक करंडक आणि वडिलांच्या हातचं वाढदिवसाचं पत्र मागून घेतलं. बाकी जाऊ दे म्हणाला. माझ्या पेट्या मी त्याच संध्याकाळी उचलल्या.

कागद

भांड्यांपेक्षा कागदांनी जास्त वेळ घेतला. आत्या पोस्टातली असल्याने तिची स्वतःची खाती चोख होती. काकांची नव्हती. एका फायलीत तीन कंपन्यांचे कागदी शेअर निघाले, काकांच्या एकट्याच्या नावावर. १ एप्रिल २०१९ पासून असे कागदी शेअर विकून दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत, ते आधी डिमॅटमध्ये, म्हणजे संगणकीय खात्यात, आणावे लागतात. आणि सलग सात वर्षं लाभांश कुणी उचलला नाही तर तो, आणि पाठोपाठ शेअरही, केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार निधीकडे जातात. दोन कंपन्यांचे गेले होते. ते परत मिळतात, पण अर्ज, मृत्यूचा दाखला, वारसाचे पुरावे, कंपनीची पडताळणी, असं सगळं करताना सव्वा वर्ष गेलं. बँकेतल्या दहा वर्षं न हललेल्या ठेवींचंही तसंच, त्या रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने अशा ठेवी शोधण्यासाठी 'उद्गम' हे संकेतस्थळ सुरू केलं. तिथे काकांचं एक विसरलेलं खातं सापडलं, रक्कम फार नव्हती.

याच सुमाराला एका नातेवाइकांनी सुचवलं, "एवढं सगळं आवरताच आहात, तर फ्लॅटही मुलाच्या नावावर करून टाका. महाराष्ट्रात मुलाला राहतं घर बक्षीसपत्राने द्यायला मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये." ते खरं आहे. पण मी जमिनीवर पाय रोवून उभी राहिले. भावावर अविश्वास म्हणून नव्हे, तोही नकोच म्हणाला. वस्तू कमी करणं वेगळं आणि डोक्यावरचं छप्पर हातचं सोडणं वेगळं. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यातलं २३ वं कलम दिलेली मालमत्ता परत मिळवून देऊ शकतं, पण त्यासाठी सांभाळ करण्याच्या अटीवर ती दिलेली असावी लागते आणि वृद्ध माणसाला न्यायाधिकरणाची पायरी चढावी लागते. साधेपणाच्या नावाखाली घर लिहून दिलेल्या आणि मग स्वतःच्याच खोलीत पाहुण्यासारख्या बसलेल्या बायका माझ्याकडे गुडघ्यांसाठी येतात. आत्याने मृत्युपत्र केलं. दोन साक्षीदार, दोघांपैकी कुणालाही त्यातून काही मिळणार नाही असे. नोंदणी सक्तीची नसते, तरी केली, आणि सोबत डॉक्टरांचा दाखला जोडला.

संक्रांत

आता राहिली टिकली न लागलेली भांडी. सगळी चांगली, बरीचशी पितळेची आणि स्टीलची. भंगारवाल्याला बोलवायचं नाव मी काढू शकत नव्हते. जानेवारीत आत्या एकदम म्हणाली, "यंदा मी संक्रांतीचं लुटते."

काका गेल्यापासून बारा वर्षांत तिने हळदीकुंकू केलं नव्हतं, आणि तिला कुणी बोलावलंही नव्हतं. विधवा बाईला त्या दिवशी घरी बसवायची आपली रीत. माझ्या मते ती क्रूर आहे, आणि मी स्वतः किती वर्षं तिला न बोलावता हळदीकुंकू करत आले, हे मला त्या वाक्याने कळलं. आत्याने बोलावणी स्वतः केली. सवाष्ण, विधवा, लग्न न झालेल्या, इमारतीतल्या दोन आजोबांनाही. १५ जानेवारीच्या संक्रांतीपासून २८ तारखेच्या रथसप्तमीपर्यंत तीन दुपारी ठरवल्या. सतरंजीवर भांडी मांडली. नियम दोन. एकाने दोनच वस्तू उचलायच्या, आणि त्या कशासाठी वापरणार ते सांगायचं. आत्या ते वहीत लिहीत होती: वस्तू, नाव, कशासाठी.

पहिला मान तिच्याकडे वीस वर्षं काम करणाऱ्या मावशींचा. त्यांनी मुलीसाठी शिलाई मशीन घेतलं आणि पाच लिटरचा कुकर. समोरच्या नव्या सुनेने पुरणपोळीसाठी मोठं पितळी पातेलं. एका आजोबांनी फक्त दोन वाट्या घेतल्या. "बायकोच्या अशाच होत्या," म्हणाले. साड्यांतल्या नऊवारींच्या दोन गोधड्या शिवून घेतल्या, बाकी साड्या मावशींच्या वस्तीत गेल्या. काही उरल्या त्या बोहारणीने नेल्या आणि बदल्यात भांडं देऊ लागली तेव्हा आत्याने हात जोडले.

काही वस्तू मात्र कुणालाच नको होत्या. आहेरात आलेले सात लेमन सेट, भिंतीवरची चार घड्याळं, काचेच्या कपाटातले हंस. त्या शेवटी विकल्या. दिवाळी अंकांचा तीस वर्षांचा गठ्ठा दोन वाचनालयांनी जागा नाही म्हणून परत केला, आणि तेही बरोबरच होतं. एका जुन्या पुस्तकांच्या दुकानदाराने निवडून अर्धा घेतला.

चाळीस माणसांच्या स्वयंपाकाचं कल्हईचं पातेलं कुणी उचलेना. आत्या मला म्हणाली, "तू घे, तुझ्याकडे जागा आहे." मी घेतलं. वहीत 'कशासाठी' या रकान्यात मी "स्वयंपाकासाठी" असं सांगितलं.

तिसऱ्या दुपारी सगळे गेल्यावर रिकाम्या सतरंजीवर बसून ती म्हणाली, "तेव्हा पाण्याने नेलं. मग तुम्ही नेलंत. हे मी लुटलं." त्यात राग नव्हता. नोंद करावी तसं ती बोलली.

नव्या जागेत

मे २०२३ मध्ये सामान एका टेंपोत, एकाच खेपेत हललं. सगळं चांगलंच झालं असं मी म्हणणार नाही. पहिले दोन महिने आत्याला नीट झोप लागली नाही. घर घुमतं, म्हणायची. पडदे आणि ती सतरंजी घातल्यावर घुमणं कमी झालं, झोप त्यानंतरही काही आठवडे तुटकच होती. पाटा-वरवंटा जड म्हणून जुन्या इमारतीतच सोडला, त्याची हळहळ तिला अजून आहे. मिक्सरमधल्या चटणीला ती चटणी म्हणत नाही. तो पाटा न्यायला हवा होता. तो टिकलीच्या हिशेबात आला नव्हता, कारण थंडीत तिचे सांधे दुखतात आणि तेव्हा ती वाटत नाही. आमची मोजणीच चुकीच्या ऋतूतली होती.

तेव्हापासून ती पडलेली नाही. हे त्या पट्ट्यामुळे की लिफ्टमुळे की नशिबाने, एका माणसावरून सांगता येणार नाही. घर आवरायला मावशींना पूर्वी दीड तास लागायचा, आता चाळीस मिनिटं. उरलेल्या वेळात दोघी चहा घेतात. माळा या घरालाही आहे. तो रिकामा आहे.

२५ जुलै २०२४ च्या पहाटे पुण्यात पाऊस आणि खडकवासल्यातून सोडलेलं पाणी, दोन्ही एकदम आलं. सिंहगड रस्त्याला एकतानगरीत तळमजले बुडाले, लोकांना होड्यांतून काढलं. आत्याचं घर नदीपासून लांब, चौथ्या मजल्यावर. मी घाबरून फोन केला तेव्हा ती शांत होती. पिशवी खाली काढून तपासली होती आणि परत खुंटीला लावली होती. म्हणाली, "ते मोठं पातेलं घेऊन ये. आमच्या गल्लीतल्या मंडळाची पोरं खिचडी करतायत."

पातेलं माझ्या गॅलरीत होतं. त्यात मी मनीप्लांट लावला होता. माती उपसली, घासलं, आतली कल्हई पार गेलेली. पितळेत तसं आंबट-खारट शिजवता येत नाही. पोरांनी मांडववाल्याकडून ॲल्युमिनियमची पातेली आणली आणि त्यात खिचडी झाली. आत्या खुर्ची टाकून तांदूळ निवडत बसली होती. माझ्या हातातल्या पातेल्याकडे तिने एकदा पाहिलं, बोलली नाही.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी रिक्षाने कसब्यात तांबट आळीकडे गेलो. कल्हईवाल्याने भट्टीवर पातेलं तापवलं, नवसागर टाकला, कथील फिरवलं, कापसाच्या बोळ्याने पुसलं, आणि आतून ते चांदीसारखं झालं. तिथून घरी न जाता आम्ही ते मंडळाच्या खोलीत पोहोचवलं. आत्याने पर्समधून संक्रांतीची वही काढली, माझ्या नावावर रेघ मारली आणि तिथे मंडळाचं नाव लिहिलं. 'कशासाठी' या रकान्यात काही बदलावं लागलं नाही.